‘नको’ कुणाचे? : प्रौढांचे संरक्षण आणि नव्या समाजकार्यकर्त्यांची घडण

१

दलित वस्तीत ‘कार्यकर्ता’ हा शब्द मानाने उच्चारला जातो. मोर्चाला माणसे नेणारा, रात्रभर पोलीस ठाण्यात बसून फिर्याद नोंदवायला लावणारा, जयंतीची वर्गणी गोळा करणारा आणि कुणाच्या घरी मयत झाली तर शेवटपर्यंत सगळी व्यवस्था पाहणारा, तो कार्यकर्ता. गेल्या काही दशकांत त्याच्या जोडीला आणखी एक माणूस वस्तीत येऊ लागला आहे. त्याच्याजवळ समाजकार्याची पदवी असते, खांद्याला पिशवी असते, हातात छापील फॉर्म असतो आणि महिनाअखेरीला त्याला रिपोर्ट द्यायचा असतो. त्याला समाजकार्यकर्ता म्हणतात. पहिला चळवळीत घडतो. दुसरा महाविद्यालयातून बाहेर पडतो. पण तो घडतो कुठे, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. ह्या लेखात मला तोच विचारायचा आहे, आणि तोही कामाच्या एका विशिष्ट भागापुरता.

तो भाग म्हणजे प्रौढ माणसांचे संरक्षण. अठरा वर्षे ओलांडलेली, कायद्याच्या दृष्टीने स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी, आणि तरीही वय, अपंगत्व, मानसिक आजार, कर्ज किंवा परावलंबन ह्यांमुळे दुसऱ्याच्या जाचातून स्वतःची सुटका करून घेऊ न शकणारी ही माणसे असतात. श्रावणबाळ योजनेचे पासबुक मुलाने काढून घेतले आहे ती आजी. ज्याला मालक वर्षानुवर्षे दोन वेळच्या भाकरीवर राबवतो तो मंदबुद्धी म्हणून हिणवला गेलेला तरुण. नवरा गटारात गुदमरून मेल्यावर भरपाईच्या रकमेसाठी जिला सासर आणि माहेर दोन्हीकडून ओढले जाते ती विधवा. लहान मुलांच्या संरक्षणाविषयी आज निदान बोलले तरी जाते. ह्या मोठ्या माणसांविषयी बोलणे निघाले की ‘घरातला मामला आहे’ एवढ्यावर ते संपते.

मी चोवीस वर्षे हे काम करते आहे. त्यांतली शेवटची अकरा वर्षे नव्या समाजकार्यकर्त्यांना हाताशी घेऊन शिकवण्यात गेली. दर शुक्रवारी सातआठ जण आपापल्या वह्या घेऊन बसतात, आठवड्यात काय झाले ते वाचतात, आणि आम्ही त्यावर बोलतो. ह्या बैठकांतून मला जे दिसले त्याचे सार एका शब्दात सांगता येते. तो शब्द आहे ‘नको’. प्रौढांच्या संरक्षणाचे सारे काम ह्या एका शब्दाशी येऊन थांबते. तो ऐकायचा कसा, हे पुस्तकात शिकवता येत नाही. ते शेजारी बसूनच शिकवावे लागते.

२

मुलाचे संरक्षण करताना मूल ‘नको’ म्हणाले तरी कायदा आपल्याला पुढे जाऊ देतो. प्रौढाच्या बाबतीत तसे नाही. तिचे घर, तिचे नाते, तिचा पैसा, तिचे शरीर ह्यांविषयी निर्णय तिचा आहे. म्हणून इथे चूक दोन बाजूंनी होऊ शकते, आणि ह्या दोन्ही चुका मी शुक्रवारच्या वह्यांत पुनःपुन्हा पाहिल्या आहेत.

एका तरुण कार्यकर्त्याला सत्तरीच्या पुढची एक आजी आढळली. मुलगा दारू पिऊन मारत असे, रात्री तिला ओट्यावर झोपावे लागे. ह्या मुलाने धावपळ करून आठ दिवसांत वृद्धाश्रमात जागा मिळवली, गाडी ठरवली. आजी गाडीत बसेना. वहीत नोंद झाली : ‘लाभार्थी सहकार्य करीत नाही.’ मी त्याला एवढेच विचारले, “आजीला काय हवं होतं?” तो गप्प राहिला. पुढच्या आठवड्यात तो तिला भेटून आला. आजीला दाराला आतून कडी असलेली झोपायची जागा हवी होती आणि तिचे पासबुक तिच्या हातात हवे होते. नातवंडे, शेजारीण, बुद्धविहारातली रविवारची वंदना आणि चाळीस वर्षांची ओळखीची गल्ली सोडून तिला कुठेही जायचे नव्हते. तिचे ‘नको’ मदतीला नव्हते. तिला न विचारता ठरवलेल्या मदतीला होते.

दुसरी वही एका मुलीची. तिच्यात एकच ओळ होती : ‘तक्रार करण्यास नकार. केस बंद.’ मी विचारले, “अगं, कुठे विचारलंस?” घरात. “कोण होतं तिथे?” सून चहा करीत होती, मुलगा दारात उभा होता. आता ज्याच्या हाताखाली राहायचे त्याच्या देखत कुठली बाई त्याच्याविरुद्ध बोलेल? हे ‘नको’ त्या बाईच्या तोंडून आले खरे, पण ते दारात उभ्या असलेल्या माणसाचे होते.

पहिल्या वहीत खरे ‘नको’ ऐकले गेले नाही. दुसऱ्या वहीत खोटे ‘नको’ खरे धरले गेले. पहिल्यात कार्यकर्ता नवा मालक होतो, दुसऱ्यात तो जुन्या मालकाचा साक्षीदार होतो. दोघांचाही हेतू चांगला होता आणि दोघांनाही कायद्याची कलमे पाठ होती. त्यांच्यात कमी होती ती ह्या दोहोंतला फरक ओळखण्याची. ती नजर कुणीतरी दिल्याशिवाय येत नाही.

३

ही अडचण आपल्याच देशातली आहे असे मात्र नाही. ‘प्रौढांचे संरक्षण’ ही कल्पना कायद्याच्या भाषेत सर्वांत तपशिलाने मांडली गेली ती इंग्लंडमध्ये, आणि तिथेही ती धक्के खाऊनच शहाणी झाली. २००० साली तिथल्या सरकारने ह्या विषयावर पहिली मोठी मार्गदर्शिका काढली. तिचा भर संस्थांनी आणि खात्यांनी एकमेकांना कळवावे, मिळून कारवाई करावी ह्यावर होता. २००६ साली कॉर्नवॉल परगण्यातल्या सेंट ऑस्टेल गावी स्टीव्हन हॉस्किन नावाच्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाचा छळ करून खून झाला. छळणारे त्याचे ‘मित्र’ म्हणून त्याच्या खोलीत येऊन राहिले होते. त्याचे पैसे, त्याचे घर, त्याचा दिवस सारे त्यांनी ताब्यात घेतले होते. नंतर झालेल्या चौकशीत दिसले की पोलीस, दवाखाना, समाजकार्य विभाग ह्या प्रत्येकाजवळ चित्राचा एकेक तुकडा होता. कुणी ते तुकडे जोडले नाहीत. आणि त्याहून बोचणारी गोष्ट अशी की समाजकार्य विभागाची नियमित भेट त्याने स्वतःच नको म्हणून कळवले होते. विभागाने ती ‘त्याची निवड’ मानली. ही निवड कुणाच्या सावलीत झाली, हे कुणी जाऊन पाहिले नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीतली ‘केस बंद’ ही ओळ आणि ही नोंद ह्यांत मला फार अंतर दिसत नाही.

पुढे २०१४ साली इंग्लंडमध्ये ‘केअर ॲक्ट’ झाला आणि २०१५ पासून तो अमलात आला. त्याच्या ४२व्या कलमानुसार एखाद्या प्रौढाला देखभालीची गरज असेल, त्याच्यावर अत्याचार किंवा हेळसांड होत असेल किंवा तसा धोका असेल, आणि त्या गरजेमुळेच तो स्वतःचा बचाव करू शकत नसेल, तर चौकशी करणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरते. कायद्याच्या मार्गदर्शिकेत सहा तत्त्वे आहेत : माणसाला बळ देणे, आधीच प्रतिबंध करणे, धोक्याच्या प्रमाणातच हस्तक्षेप करणे, संरक्षण देणे, सर्वांनी भागीदारीने काम करणे आणि जबाबदारीचा हिशेब देणे. ह्यांत माणसाला बळ देणे हे पहिले आहे आणि संरक्षण चौथे आहे, ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम दाखवते. त्याच देशाचा मानसिक क्षमतेविषयीचा २००५ चा कायदा सांगतो की एखाद्याचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही, एवढ्यावरून तो माणूस निर्णय घ्यायला असमर्थ आहे असे मानता येत नाही.

आणखी एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. नव्याने पदवी घेतलेल्या समाजकार्यकर्त्यासाठी तिथे २०१२ पासून पहिल्या वर्षाची एक वेगळी व्यवस्था आहे. त्या वर्षात त्याला तुलनेने कमी केसेस दिल्या जातात, अनुभवी माणूस त्याच्याबरोबर ठरलेल्या वेळी बसतो, आणि वर्षअखेरीस त्याच्या कामाचे मूल्यमापन होते. ही व्यवस्था सगळीकडे सारखी चालते असे नाही. पण नव्या माणसाला एकटे सोडू नये, हे तत्त्व निदान कागदावर मान्य झाले आहे.

आपल्याकडे काय आहे? १९३६ साली मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले, तेव्हापासून क्षेत्रकार्य हा ह्या शिक्षणाचा कणा मानला गेला. विद्यार्थी आठवड्यातले दोन दिवस वस्तीत किंवा संस्थेत काम करतो आणि प्राध्यापक त्याच्याबरोबर बसून त्याचा अहवाल तपासतात. ही पद्धत चांगली आहे. पण ती पदवीबरोबर संपते. ज्या मुलीला शिकताना दर आठवड्याला कुणीतरी ‘काय झालं गं?’ असे विचारत होते, तिलाच नोकरी लागल्यावर ‘किती केसेस झाल्या?’ एवढेच विचारले जाते. जोखीम खरी होते तेव्हाच मार्गदर्शन थांबते.

४

कायदे आपल्याकडे नाहीत असे कुणी म्हणू नये. प्रौढांच्या संरक्षणाचा एकच कायदा आपल्याकडे नाही. तो पाचसहा कायद्यांत विखुरलेला आहे. म्हणून नव्या कार्यकर्त्याला पहिल्या महिन्यात मी हा नकाशा करायला लावते.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. साठी ओलांडलेल्या माणसाला, आणि आईबापाला तर वयाची अटही नाही, उपविभागीय अधिकाऱ्याच्या म्हणजे प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. वकील लागत नाही. कायद्याच्या १७व्या कलमाने वकिलाला तिथे मज्जावच केला आहे. स्वतः अर्ज करणे शक्य नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. २३वे कलम मालमत्तेविषयी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावे केली आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. पण २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती अट होती हे दाखवावे लागते. २०२५ च्या एका निकालात न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला हे खरे. तरी शहाणपण ह्यातच आहे की बक्षीसपत्रात ‘मला मरेपर्यंत सांभाळण्याच्या अटीवर’ हे शब्द लिहून घ्यावेत. झोपडीच्या जागी इमारतीत खोली मिळते तेव्हा वस्तीत अंगठे घेण्याची घाई सुरू होते. त्या दिवसांत हे एक वाक्य सांगत घरोघरी फिरणे, हे नंतरच्या दहा केसेसपेक्षा मोठे काम आहे.

घरातल्या हिंसेविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त सुनेसाठी आहे असा एक समज आहे. तो आईलाही मुलाविरुद्ध वापरता येतो, आणि राहत्या घरातून तिला काढू नये असा आदेश मागता येतो. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्याच्या ७व्या कलमाखाली अपंग माणसावर अत्याचार होत आहे असे वाटणारी कुणीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात बहुधा तहसीलदाराला, कळवू शकते. वेठबिगारीच्या १९७६ च्या कायद्याखाली मुक्तीचा दाखला मिळतो, आणि २०१६ च्या पुनर्वसन योजनेत अपंग वेठबिगारासाठी तीन लाखांपर्यंतच्या मदतीची तरतूद आहे. राबवून घेणारा सवर्ण आणि राबणारा दलित असेल तर अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा कायदाही लागतो. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा तर इंग्लंडच्या कायद्याच्या जवळ जाऊन सांगतो की निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटला म्हणून माणूस असमर्थ ठरत नाही. शिवाय ज्येष्ठांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

हा नकाशा भिंतीला लावून काम होत नाही. कायदा ही नदीवरची होडी आहे. पलीकडे जायचे की नाही आणि कधी, हे नावाड्याने ठरवायचे नसते. पण होडी आहे, हे काठावरच्या माणसाला ठाऊकच नसेल तर त्याचे ‘इथेच बरा आहे’ हे उत्तर खरे उत्तर धरता येत नाही. म्हणून आमच्या बैठकीत एक नियम आहे : समोरच्या माणसाला निदान दोन पर्याय समजावून सांगितल्याशिवाय त्याचा नकार वहीत लिहायचा नाही.

५

मार्गदर्शन म्हणजे नेमके काय करायचे, असे मला तरुण सहकारी विचारतात. मी काही थोड्या गोष्टी करते, आणि त्या वर्षानुवर्षे त्याच आहेत.

पहिली गोष्ट, जागेची. प्रश्नाआधी जागा पाहायची. घरात माणसे असतील तर दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, विहाराच्या पायरीवर, पाण्याच्या नळाशी. नवा कार्यकर्ता पहिल्यांदा जातो तेव्हा मी बरोबर जाते, पण बोलत नाही. परतताना बसमध्ये त्याला विचारते : घरात कोण होते, कुणाकडे पाहून ती बोलत होती, कुठला प्रश्न आल्यावर ती पदर सारखा करू लागली. दोनतीन भेटींनंतर तो हे स्वतःच पाहू लागतो.

दुसरी गोष्ट, दुभाषाची. मूकबधिर माणसाच्या वतीने त्याचा भाऊ बोलतो, पारधी किंवा वडार बाईच्या वतीने तिचा दीर बोलतो, आणि कार्यकर्ता तेच उतरवून घेतो. ज्याच्याविषयी तक्रार असू शकते त्याच्याच तोंडून तक्रारदाराचे म्हणणे घेणे हा न्याय नव्हे. मग खुणांची भाषा जाणणारा शिक्षक शोधावा लागतो, तिच्या बोलीतली दुसरी बाई शोधावी लागते. चार दिवस जास्त लागतात, लागू द्यावेत.

तिसरी गोष्ट, नोंदीच्या भाषेची. ‘असहकार्य’, ‘हट्टी’, ‘अज्ञानी’, ‘व्यसनी कुटुंब’ हे शब्द आमच्या वह्यांत चालत नाहीत. ज्या भाषेने आपल्या आजा-पणज्यांना आळशी आणि घाणेरडे ठरवले, तीच भाषा आज फॉर्मच्या रकान्यात येऊन बसली आहे, आणि आपलीच मुले ती लिहीत आहेत हे पाहून वाईट वाटते. मी सांगते, बाईचे वाक्य बाईच्याच शब्दांत लिहा. ‘निर्वाह मिळत नाही’ असे लिहू नका. ती म्हणाली असेल की ‘भाकर टाकतात पण ताटात वाढत नाहीत’, तर तेच लिहा. पुढे प्रांतांसमोर तेच वाक्य उपयोगी पडते, कारण ते खरे वाटते.

चौथी गोष्ट कार्यकर्त्याच्या स्वतःच्या जखमेची, आणि ही सर्वांत अवघड आहे. सालगड्याविषयी विचारायला बागायतदाराच्या वाड्यावर गेलेल्या एका मुलाला आडनाव विचारले गेले आणि मग ओसरीच्या खाली उभे ठेवले गेले. तो परत आला तो रागाने फुललेला. त्याला लगेच अत्याचाराची फिर्याद करायची होती. त्याचा राग खरा होता आणि त्याचा हक्कही खरा होता. पण आतल्या गोठ्यात जो तरुण राबत होता, ज्याला महिने मोजता येत नव्हते आणि पैशाची किंमत ठाऊक नव्हती, त्याचा प्रश्न त्या रागाखाली झाकला जात होता. आम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. त्याच्या अपमानाचे काय करायचे ते त्याने नंतर, सर्वांशी बोलून ठरवले. आधी दंडाधिकाऱ्याकडे त्या तरुणाचा अर्ज गेला. ‘जेवू घालतो, अंगावर कपडा देतो’ हे मालकाचे म्हणणे तिथे आलेच. जेवण म्हणजे मजुरी नव्हे, हे आपल्या पूर्वजांनी बलुत्याच्या भाकरीवर शिकलेले सत्य त्या मुलाने दंडाधिकाऱ्यासमोर नीट मांडले, कारण तोवर त्याचा आवाज थरथरत नव्हता.

सवर्ण घरातून आलेल्या कार्यकर्त्याची जखम वेगळी असते. तिला दया फार लवकर येते. आजीच्या हातचा चहा ती घेते, डोळ्यांत पाणी आणते, आणि मग आजीच्या वतीने सगळे निर्णय घेऊन टाकते. तिला शिकवावे लागते की रडणे ही मदत नाही आणि उपकार हा हक्क नाही. दोघांनाही एकाच खोलीत बसवून एकमेकांच्या वह्या वाचायला लावल्या, तर दोघेही लवकर शिकतात.

पाचवी गोष्ट, एकट्याने धोका न उचलण्याची. केव्हा माणसाच्या ‘नको’ला ओलांडून जायचे हा निर्णय कधीच एकाने घ्यायचा नाही. जिवाला धोका असेल, गुन्ह्यात दुसरेही बळी पडत असतील, किंवा काय चालले आहे हे कळण्याची शक्तीच माणसात उरलेली नसेल, तर थांबता येत नाही. पण हे तिन्ही प्रश्न मोठ्याने विचारून, दुसऱ्याच्या साक्षीने, लिहून ठरवायचे. असा निर्णय एकट्याच्या डोक्यावर पडला की बावीस-तेवीस वर्षांची मुले एक तर बेफिकीर होतात किंवा वर्षभरात नोकरी सोडतात.

६

ह्या साऱ्याचा चळवळीशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध जुना आहे. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी तिसऱ्या गोलमेज परिषदेला जात असताना बोटीवरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतानिवारण संघाचे चिटणीस ठक्कर ह्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. पुढे १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते छापले. त्या पत्रात त्यांनी सेवाकार्याच्या दोन दृष्टी वेगळ्या केल्या. माणसाची दुःस्थिती त्याच्या वैयक्तिक दोषांतून येते असे मानणारी एक, आणि ती त्याच्या भोवतालच्या परिस्थितीतून येते असे मानणारी दुसरी. पहिली दृष्टी व्यसनमुक्ती, व्यायामशाळा, ग्रंथालये असले कार्यक्रम काढते. दुसरी पाणवठा, शाळा, रस्ता, चावडी ह्यांवरच्या नागरी हक्कांसाठी उभी राहते. बाबासाहेबांचा कौल दुसरीला होता. आणि त्यांनी असेही म्हटले की ह्या कामाचे कार्यकर्ते प्रामुख्याने अस्पृश्यांमधूनच घ्यावेत, कारण पगारासाठी काम करणारा आणि आपुलकीने काम करणारा ह्यांत फरक असतो.

समाजकार्याच्या वर्गात हे पत्र अभ्यासाला लावले पाहिजे असे माझे मत आहे. नव्वद वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आजही वहीच्या प्रत्येक पानावर आहे : मुलगा दारुडा आहे म्हणून आजी ओट्यावर झोपते, की दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहतात, कंत्राटावरची नोकरी सुटली आहे आणि आजीचे पासबुक हाच घरातला एकमेव नियमित पैसा आहे, म्हणून? मुलाची जबाबदारी ह्याने संपत नाही. मारणारा हात मारणाऱ्याचाच असतो. पण फक्त हात पाहणारा कार्यकर्ता मुलाला पोलिसांत देईल आणि घराकडे पाठ फिरवेल. परिस्थितीही पाहणारा कार्यकर्ता संरक्षणाच्या अर्जाबरोबर रेशनकार्ड वेगळे करण्याचा अर्जही करील. आपल्यातून आलेले असणे तेवढ्याने पुरत नाही, हे मला अनुभवाने सांगावे लागते. आपुलकी असली तरी ऐकण्याची रीत शिकावीच लागते.

७

शेवटी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो बाहेरून येत नाही, आपल्यातूनच येतो. ‘ताई, आधीच आपल्या समाजाला नावे ठेवायला लोक टपलेले. त्यात आपणच आपल्या पोरांच्या केसेस बाहेर काढायच्या?’ असे मला विहारात, महिला मंडळात, कार्यकर्त्यांच्या बैठकीत ऐकावे लागते. ह्या बोलण्यामागचे दुःख मला कळते. दलित घरातली भांडणे वर्तमानपत्रात छापून आली की वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर कसले समाधान पसरते, ते मी पाहिलेले आहे. आणि सवर्ण बंगल्यांत आईबापांची जी हेळसांड बंद दारांआड होते तिची बातमी होत नाही, हेही खरे.

तरीही मी विचारते, समाज म्हणजे कोण? ओट्यावर झोपणारी आजी समाजात मोडत नाही काय? १९२० साली बाबासाहेबांनी पहिले पत्र काढले त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. ज्यांना वाचा नाही त्यांची बाजू मांडणे हे त्या नावातच आहे. मुके कोण, ह्याचे उत्तर दर पिढीने नव्याने शोधायचे असते. गावाच्या वेशीबाहेरच्यांना बोलते करणारी चळवळ घराच्या आत ज्याला बोलता येत नाही त्याच्यापाशी येऊन थबकली, तर तिचे काम अर्धवट राहील. घरातली म्हातारी गप्प बसते म्हणून राखलेली अब्रू ही जुन्याच धर्तीची अब्रू आहे; ती वाचवण्याचा खर्च नेहमी सर्वांत दुबळ्याकडून वसूल होतो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. समाजकार्य महाविद्यालयांनी पदवीनंतरची पहिली दोन वर्षे आपल्या विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडू नये. माजी विद्यार्थ्यांच्या महिन्यातून एका बैठकीला प्राध्यापकाचा वेळ आणि एक खोली एवढेच लागते. संस्थांनी अनुभवी कार्यकर्त्याच्या कामाच्या तासांत मार्गदर्शनाचे तास मोजावेत; आज ते त्याने स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत करायचे असतात. शासनाने संरक्षण अधिकाऱ्याला केसेसचा आकडा विचारताना त्याला कुणाशी बोलता येते तेही विचारावे. आणि वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांनी, ज्यांच्याजवळ कुणाच्या घरात काय शिजते ह्याचे पन्नास वर्षांचे ज्ञान आहे, त्या पदवीधर पोरांना आपल्या शेजारी बसवून घ्यावे. तो ज्ञानाचा साठा कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. चळवळीचा कार्यकर्ता आणि पदवीचा कार्यकर्ता एकमेकांकडे आज संशयाने पाहतात. एकाला वाटते हा पगारी, दुसऱ्याला वाटते हा राजकारणी. दोघांनी मिळून एका आजीचे ‘नको’ नीट ऐकायला बसले, तर तो संशय पुष्कळ कमी होईल.

येत्या शुक्रवारी आमच्यात दोन नव्या मुली येणार आहेत. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मी नेहमीप्रमाणे तीन प्रश्न लिहून देणार आहे : कुणी विचारले? कुणासमोर विचारले? आणि उत्तर देणाऱ्याला दुसरी वाट ठाऊक होती का? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे भरल्याशिवाय कुठलीही केस बंद करायची नाही, हा आमचा करार आहे. वाचकांपैकी जे कुणी असे काम करीत असतील त्यांनी हे प्रश्न आपल्या वह्यांत उतरवून घ्यावेत, आणि त्यांत चौथा जोडावासा वाटला तर तो जरूर जोडावा.